शाळेत पाळणा टांगला त्याची कहाणी

अक्षता हातात घ्या बायांनो, आणि जिवतीआईची कहाणी ऐका.

तांबटांचं एक आटपाट नगर. तिथं राजानं मुलींची शाळा काढली. पंतोजी नेमले, तर मुली येईनात. लोक म्हणाले, "बाईमाणूस शिकवील तर धाडू." मग राजाचे कारभारी बाई शोधू लागले. सोपान तांबटाची बायको आवडा माहेरी बापाजवळ लिहायला-वाचायला शिकली होती. तिला बोलावणं आलं. शेजारणी म्हणाल्या, "कुळाला बट्टा!" नवरा म्हणाला, "आईला विचार." सासूला विचारलं, तर सासू म्हणाली, "जा. घर मी बघते."

मग आवडा शाळेत जाऊ लागली. मुली येऊ लागल्या. पुढं आवडाला दिवस राहिले, मुलगा झाला. बारसं झालं, मल्हारी नाव ठेवलं. तोच कारभाऱ्यांचा निरोप आला, "बाई येत नसतील तर शाळेला कुलूप लावतो." आवडाचा पाय उंबऱ्यातून निघेना. सासू म्हणाली, "जा. पोर मी सांभाळते."

मग आवडा सकाळी पाजून जायची, दुपारी पाजायला यायची. पहिल्या शुक्रवारी आली, पोर निजलेलं. मनात म्हणाली, गुणाचं गं माझं बाळ. दुसऱ्या शुक्रवारी आली, पोर निजलेलं. पदराखाली घेतलं, तर ओढीचना. मनात चरकली, पण शाळेत मुली खोळंबल्या होत्या, तशीच परत गेली. तिसऱ्या शुक्रवारी आली, पोर निजलेलं. हाक मारली, हलेना. उचललं, डोळा उघडेना. ओठ जांभळे पडलेले.

"आत्याबाई, ह्याला काय दिलंत?"

सासू चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "रोजचीच गं. अफूची कणी, मोहरीएवढी. आज फार किरकिर करत होता, म्हणून अंमळ जास्त दिली."

"रोजची?"

"त्यात काय मेलं? तुझ्या नवऱ्याला दिली, नणंदेला दिली. मी लोकांकडे धुणंभांडी करायला जायची, तर पोरं कुणाच्या जिवावर टाकायची?"

आवडानं किंकाळी फोडली. शेजारणी धावत आल्या. एकजण म्हणाली, "मीही देते. खुरपायला जावं लागतं." दुसरी म्हणाली, "मीही देते. दळणं असतात." तिसरी खाली बघत उभी. मग म्हणाली, "मीही दिली होती. माझी ठकी उठलीच नाही. सटवाईनं नेली म्हणून सगळ्यांना सांगितलं." कुणी कुणाकडे बघेना.

इतक्यात दारात एक म्हातारी आली. कडेवर पोर, पदराला पोर. "उभ्या काय राहिलात? निजू देऊ नका त्याला! गार पाण्याचा हबका मारा, तळवे चोळा, उभ्यानं फिरवा."

मग पोर ह्या हातातून त्या हातात गेलं. सासूनं हात पुढं केले, तर कुणी तिच्याजवळ पोर देईना. ती म्हणाली, "मी वैरीण नाही गं." आवडानं तिच्याकडे बघितलं. मग तिनंच पोर तिच्या मांडीवर ठेवलं. "घ्या, आत्याबाई. चोळा तळवे." ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. तेव्हा कुठं पोरानं टाहो फोडला.

आवडानं म्हातारीचे पाय धरले. "आई, शाळा सोडू का?"

"तू सोडशील बाई. खुरपणारीनं काय सोडावं? दळणारीनं काय सोडावं? मी सांगते तो वसा घे. जिथं काम, तिथं पाळणा. आणि त्यात आपलं एकटंच पोर घालू नकोस. घेतलास की मधेच टाकू नकोस." असं म्हणाली, आणि बघता बघता दिसेनाशी झाली. ती जिवतीआई.

मग आवडानं शाळेच्या आढ्याला पाळणा टांगला. दोरी सासूच्या हाती दिली. खुरपणारीनं पोर आणून ठेवलं, दळणारीनं आणून ठेवलं. त्यांच्या थोरल्या मुली भावंडांपायी घरी अडकल्या होत्या, त्या मोकळ्या झाल्या, पाटी घेऊन बसल्या.

कारभारी तपासणीला आले, बघतात तो काय! "ही शाळा की बाळंतिणीची खोली? उतरवा पाळणा!"

आवडा म्हणाली, "पाळणा उतरवा, मी पायरी उतरते. पण आधी ऐकून घ्या." मग तिनं अफूचं सांगितलं. कारभाऱ्यांना खरं वाटेना. गाऱ्हाणं राजाकडं गेलं. राजा हसला. "आई का कुठं लेकराला अफू चारते?"

शेजारी राणी बसली होती. ती म्हणाली, "महाराज, आपल्या युवराजालाही दिली आहे."

"कुणी?"

"मीच. दरबारात आपल्या शेजारी बसायचं, आणि महालातून रडण्याचा आवाज यायचा नाही, असा आपला हुकूम होता."

राजाचं हसू तोंडावरच राहिलं. दरबारात कुणाची मान वर होईना. राजानं विचारलं, "आणि मी त्याला शहाणं बाळ म्हणायचो?" मग त्यानं दवंडी पिटवली. शाळेत, शेतात, घाटावर, जिथं बाई कामाला तिथं पाळणा टांगला.

जिवतीआई आवडाला पावली, तशी तुम्हां-आम्हांला पावो. निजलेली लेकरं उठोत, उठलेली शिकोत, आयांच्या हातचं काम न सुटो. बोल पुष्कळ होते, थोडक्यात सांगितले. कहाणी पुरी झाली, फळ सगळ्यांना सारखं मिळो.