हळद लागलेला हात

"पण बाबा, नकळत खोटी पडली, तरी शपथ बाधते का?"

सिदोजीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. निरंजनगीर गोसावी खंडोबाच्या पायरीवर बसून बेलाची पानं निवडत होते. किडकं पान बाजूला, चांगलं परडीत.

"कसली शपथ, लेका?"

"उद्या गोतसभा बसतेय. ओढ्याकाठच्या शेताची हद्द ठरवायचीय. शेजारचा गोंदजी म्हणतो, सिदोजीनं बेलभंडार उचलून सांगावं, मी मुकाट शेत सोडतो."

देवासमोर बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन जे बोलाल, ते गोतसभेत अखेरचं. मग पुढं ना पुरावा, ना तक्रार. भांडणाऱ्या शेजाऱ्यानंच एवढा भरवसा टाकला म्हटल्यावर सिदोजीची छाती फुगायला हवी होती. इथं तर चार दिवस गड्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता!

"मग उचल की. अडलंय कुठं?"

"हद्दीचा दगड चिंचेखाली पुरलाय, असं वडील सांगायचे."

"तू पाहिलास?"

"त्यांनी पाहिला होता."

"मग त्यांना उचलू दे."

"अहो बाबा, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली!"

गोसाव्यांनी परडीतलं एक पान उचललं.

त्यांनी सिदोजीचा उजवा हात ओढला, तळव्यावर पान ठेवलं आणि वर मूठभर भंडार ओतला.

"बोल. डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच."

"आमच्या घराण्यात आजवर कुणी..."

"घराणं राहू दे. डोळे."

सिदोजीनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. पाटलाचा लेक तो, 'ठाऊक नाही' हे शब्द जन्मात कधी उच्चारले नव्हते.

"चिंच पाहिलीय... दगड नाही पाहिला. हद्द कुठली, मला ठाऊक नाही, बाबा!"

बोलला एकदाचा. आणि काय सांगावं, आभाळ काही कोसळलं नाही. उलट छातीवरची धोंड उतरली. डोळे भरून आले, त्यातच हसू फुटलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटात कावळे ओरडले.

"बाबा, भाकरी आहे का हो?"

गोसाव्यांनी शिदोरी पुढं सरकवली. सिदोजी हात धुवायला रांजणाकडं वळला.

"अंहं. डाव्या हातानं खा आज. उजवा उद्या सभेत असाच पिवळा घेऊन जा, आणि आत्ता बोललास तेवढंच बोल."