उजवीकडचा ठेचा

“मग ते व्रत मोडलंत तुम्ही, आक्का?”

“मोडलं.”

“कितव्या दिवशी?”

“एकविसाव्या.” उमाआक्कांनी मेथीची जुडी पुढ्यात ओढली. “चातुर्मासभर जेवताना मौन, असं देवापुढं बोलले होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एकविसाव्या दिवशी सासूबाई ताक समजून कालवलेल्या चुन्याचं भांडं तोंडाला लावायला निघाल्या. ओरडले.”

“आणि पाप?”

“ते देवानं बघून घेतलं असेल. सासूबाई त्यानंतर बावीस वर्षं ताक प्यायल्या.”

हेरंब हसला नाही. पुण्याहून पहाटे गाडी काढून तो वेदगंगेच्या काठच्या या मठीत आला होता, तो हसायला नव्हे. त्याच्या आईला आक्कांचा गुरूपदेश होता, त्यालाही होता. कॉलेजातून पहिला आला तेव्हा पेढे घेऊन आला होता. त्यानंतर आज.

“आक्का, मला मौनच हवंय. तुमच्या हातून संकल्प हवा. एका चातुर्मासाचा नको... कायमचा.”

“कुणाशी मौन?”

“माझं अवजार वापरणाऱ्यांशी.”

आक्कांनी मेथीतून मान वर केली. “नीट सांग. मला त्यातलं कळत नाही. पण तुझा चेहरा उतरलाय, तेवढं कळतं.”

त्यानं सांगितलं. लोक वेबसाइटी बांधतात. वेबसाइट दिसते झकास, पण कुठेतरी चूक राहते. बटण दाबलं तर काही होतच नाही. ती चूक नेमकी कुठे लपलीय ते दाखवणारं अवजार हेरंब आणि त्याचे सहकारी करतात. देशभरातले हजारो लोक ते दिवसभर उघडं ठेवून बसतात. त्यावर त्यांचं पोट आहे.

“म्हणजे तांदळातला खडा दाखवणारं.”

“अगदी तसंच. ते मी वर्षभर खपून सुधारलं, आक्का. सगळी मांडणी नवी केली. चुकांची यादी खाली असायची, ती उजवीकडे नेली. रोजची बटणं तीन ठिपक्यांच्या मागे ठेवली. पडदा कसा स्वच्छ दिसतो आता! पूर्वी ज्या बटणानं यादी उघडायची, त्यानं आता सगळंच बंद होतं.”

“ते का?”

“नव्यानं शिकणाऱ्याला सोपं पडतं. मोजून पाहिलंय आम्ही.”

“आणि जुन्यांना?”

“सवय होईल.”

आक्का पानं खुडत राहिल्या.

हेरंबनं मोबाइल काढला. “अकराशे बारा तक्रारी. ऐका नमुने. ‘अकरा वर्षं माझी बोटं जिथं जात होती, तिथं आता भिंत आहे.’ हा दुसरा, ‘रोजचं दोन तासांचं काम पाच तास घेतंय, मुलीला शाळेतून आणायला उशीर होतो.’ आणि हा बघा... ‘ज्यानं हे केलं, त्याला महिनाभर हेच वापरून पोट भरायला लावा.’ शाप देतात हो!”

“शेवटच्यानं बरं लिहिलंय.”

“आक्का!”

“बरं, पुढं बोल.”

“आज चार वाजता ऑफिसला कळवायचंय. तक्रारींची खिडकी बंद करतोय मी. त्यांनी लिहायचं नाही, आम्ही वाचायचं नाही. कामाला तेवढीच शांतता. तुम्ही संकल्प सोडलात की माझंही मन खाणार नाही.”

“म्हणजे आत्ता खातंय?”

हेरंब मोबाइलकडे बघत राहिला.

“सगळेच ओरडतात का रे?”

“नाही ना!” तो एकदम सरसावून बसला. “उदगीरचे नागेश हुलसूरकर म्हणून एक आहेत. नवराबायको मिळून शाळांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइटी करतात. सात वर्षं दर आठवड्याला त्यांची चिठ्ठी यायची. हे अडतंय, ते दुरुस्त करा. खरं सांगतो, अर्धं अवजार त्यांच्या चिठ्ठ्यांवर उभं राहिलंय. त्यांनी नवी मांडणी आल्यावर काय लिहावं? ‘बरं. सवय करून घेतो.’ बस्स! ऑफिसच्या बैठकीत हे वाक्य भिंतीवर मोठं करून दाखवलं मी. समाधानी माणूस!”

“त्यानंतर काय लिहिलं त्यांनी?”

“काही नाही. तक्रारच उरली नाही त्यांची.”

“हं...” आक्का उठल्या. मेथी धुवायला घेतली. “कायमचं मागतोस. आधी एका जेवणाचं करून बघ.”

“एका जेवणाचं काय, दहा...”

“एकाचंच. तोंडातून शब्द काढायचा नाही. लिहून दाखवायचं नाही. आणि मठीचा नियम तुला ठाऊक आहे, पानात काही टाकायचं नाही.”

त्याच्या तळहातावर त्यांनी पळीभर पाणी घातलं. त्यानं डोळे मिटून ते ताम्हनात सोडलं. मनात म्हणाला, हे तर सोपंच आहे.

बुधवार होता. मठीत दुसरं कुणी नव्हतं. बाराच्या सुमारास आक्कांनी केळीचं पान मांडलं, वाढलं. हेरंबनं पानाभोवती पाणी फिरवलं, नमस्कार केला आणि डाव्या हाताशी मोबाइल ठेवून जेवायला सुरुवात केली.

नजर तक्रारींवर. उजवा हात आपल्या वाटेनं गेला. लहानपणापासून जातो तसा, उजवीकडे, भाजीकडे. हिरवंगार काहीतरी पोळीच्या घासात घेऊन त्यानं तोंडात टाकलं.

ठेचा होता.

भाजीच्या जागी, भाजीएवढाच.

त्याच्या कानांतून वाफा निघाल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यानं खाली पाहिलं तर मीठ, लिंबू, ठेचा सगळी डावीकडची मंडळी उजवीकडे येऊन बसलेली, आणि मेथीची भाजी डावीकडे, मोबाइलच्या सावलीत.

त्यानं बोट करून पाण्याचा तांब्या दाखवला. तांब्याशेजारीच ठेच्याचा दगडी खल होता.

“आणखी ठेचा? आवडला म्हणायचा.” आक्कांनी चमचाभर वाढला.

तो जोरजोरात मान हलवू लागला.

“लाजू नकोस रे. घरचाच आहेस.”

टाकायचं तर नाही. एकदाचं संपवून मोकळं व्हावं म्हणून त्यानं दोन घासांत तो गिळला. नाक लाल झालं.

“अगो बाई, संपवलास पण!” आक्का पुन्हा खल घेऊन आल्या.

हेरंबनं दोन्ही हात पानावर आडवे धरले.

आता पंगतीत हात आडवा धरला म्हणून कोण थांबतं? नको म्हणणं ही जेवणाऱ्याची रीत आणि तरी वाढणं ही वाढणाऱ्याची. आक्कांनी मायेनं त्याची बोटं बाजूला केली आणि चमचा वाकवला.

“आक्का, नको!” हेरंब ओरडला. “जळतोय मी! पाणी द्या! आणि ठेचा उजवीकडे कुणी वाढतं का हो?”

चमचा हवेतच थांबला.

आक्कांनी खल खाली ठेवला. ताकाचा पेला त्याच्या हातात दिला. तो घटाघटा प्यायला. त्यांनी दुसरा भरला, तोही प्यायला.

“ओरडलास ते बरं झालं,” त्या हळूच म्हणाल्या. “मी तर वाटीभर वाढणार होते.”

“तुम्ही मुद्दाम...”

“सवय झाली असती की.”

हेरंबनं पेला खाली ठेवला.

खाली नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. त्यानं डाव्या हातानं मोबाइल उचलला. अकराशे बारा माणसांच्या गर्दीतून त्यानं ती एक चिठ्ठी शोधून काढली. तेवीस दिवसांपूर्वीची. त्याआधी दर सोमवारी एक, सात वर्षं, एकही सोमवार चुकलेला नाही. त्यानंतर... काहीच नाही.

‘बरं. सवय करून घेतो.’

त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा.

“आक्का... या माणसानं हात आडवा धरला होता. मला वाटलं, आवडलं.”

आक्का त्याच्या पानातला उरलेला ठेचा आपल्या वाटीत काढून घेत होत्या. “मग? फोन नाही का त्यांच्याकडं?”

हात धुऊन त्यानं तिथंच, ओसरीच्या पायरीवर बसून फोन लावला.

“हुलसूरकर? मी हेरंब... हो, तोच. तुमची चिठ्ठी नाही आली बरेच दिवस. कुठे अडतंय?”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“बोलू का, साहेब? वाईट वाटेल तुम्हाला.”

“बोला.”

“मिसेसची नजर कमी झालीय दोन वर्षांपासून. ती बघून काम करत नाही, बोटांच्या ओळखीनं करते. तुमचं ते सगळं जिथल्या तिथं असायचं ना, म्हणून चालायचं. आता ती बटण दाबते आणि सगळंच बंद होतं. चार दिवस रडली. आता मीच दोघांचं करतोय.”

“मग लिहिलं का नाहीत तुम्ही?”

“इतके लोक ओरडतायत, तुम्ही ऐकत नाही. म्हटलं, त्यांना आता आपली गरज नसेल.”

हेरंबला ठेच्यानं आलं नव्हतं एवढं पाणी डोळ्यांत आलं. त्यानं ते पुसलं नाही. वहीच नव्हती जवळ, तर मठीच्या कॅलेंडरच्या मागं लिहीत गेला. हुलसूरकर आधी चाचरत बोलले, मग मोकळेपणानं, मग चक्क रागावून. दोनदा त्यांच्या मिसेसनंही फोन घेतला आणि तिनं तर हेरंबची पार बिनपाण्यानं केली. तो फक्त “बरोबर” आणि “पुढे?” म्हणत राहिला.

फोन ठेवला तेव्हा सव्वातीन झाले होते. चारची वाट न बघता त्यानं ऑफिसला कळवलं. खिडकी उघडीच ठेवा. जुनी मांडणी मागेल त्याला परत मिळेल, आणि सगळ्यात आधी ते बटण. सोमवारी मी स्वतः उदगीरला जातोय.

मग तो आत आला. चुलीपाशी आक्का बसून होत्या. त्यांच्यापुढं कोरं पान मांडलेलं होतं, त्यावर शीतही नव्हतं.

“तुम्ही जेवला नाहीत अजून?”

“तू बोलत होतास ना.”

“आक्का, माझा संकल्प मोडला. एक जेवणसुद्धा नाही निभावलं.” तो खाली बघत म्हणाला. “आता मी काय करू?”

आक्कांनी भाजीचं पातेलं आणि पळी त्याच्याकडं सरकवली.

“मला वाढता येत नाही हो. कुठं काय ठेवायचं तेही धड...”

“मी वाढलं तसं तूही वाढ, बाळा. चुकलं तिथं मी नावं ठेवते.”