‘नको’ म्हणायची जागा

“आणि जायचं असेल तर?” आप्पांनी विचारलं.

मिहिर हसला. हाच प्रश्न यावा म्हणून तो डोंगर चढून आला होता म्हणा ना.

“जात नाहीत, आप्पा. तीच तर गंमत आहे.”

पडवीत सतरंजीवर लॅपटॉप उघडा होता. स्क्रीनवर मिहिरने केलेलं अ‍ॅप होतं, घरबसल्या व्यायाम शिकवणारं. वर्गणी भरायची आणि रोज सकाळी एक धडा बघायचा. धडे दुसऱ्यांचे होते, पण बाकी सगळं मिहिरच्या हातचं. कुठलं बटण कुठे, कुठल्या रंगाचं, माणसाचं बोट आधी कुठे जाणार आणि डोळा कुठे रेंगाळणार, हे सगळं त्याने ठरवलेलं.

आप्पा काही साधू नव्हते. दाढी होती, पण ती आळसाची. एका मोठ्या कॉलेजात वर्षानुवर्षं डिझाइन शिकवून झाल्यावर ते भुदरगडाकडच्या या माळावर येऊन राहिले, आणि त्यांच्यामागून विद्यार्थी आले. वस्तू वापरताना माणूस अडू नये, ती कशी करायची, एवढाच त्यांच्या वर्गाचा विषय. तेवढ्याच विषयात लोकांचे केस पांढरे होत.

यंदा त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडला होता. आता दम पुरत नाही, वर्ग कोणाच्या तरी हाती द्यायचा आहे. ज्याला तो आपला वाटत असेल, त्याने आपलं काम घेऊन यावं.

मिहिरला वाटला. न वाटून सांगतो कोणाला? आप्पांच्या विद्यार्थ्यांत तो सगळ्यात हुशार, हे सगळेच मान्य करत, आणि सगळ्यांच्या आधी तो स्वतः. त्या वर्गात आप्पांच्या जागी बसायचं, हे त्याने विद्यार्थी असतानाच मनाशी धरलेलं होतं. दुसरं काही त्याने इतक्या मनापासून कधी मागितलं नव्हतं.

“बघा ना,” तो म्हणाला. “वर्गणी बंद करायला कोणी आलं, की हे.”

स्क्रीनवर एक रडवेला चेहरा आला. त्याखाली भलंमोठं हिरवं बटण होतं, ‘मी थांबतो’. त्याच्याही खाली राखाडी रंगात, डोळे बारीक करून वाचावं लागेल अशा अक्षरांत, आणखी काहीतरी होतं.

आप्पांनी चष्मा पुसला आणि वाचलं. “नको, मला माझ्या तब्येतीची पर्वा नाही.”

“हे कोण दाबेल?” मिहिर म्हणाला.

आप्पांनी दाबलं.

पुढचं पान आलं. महिनाभर फुकट राहा, असं ते म्हणत होतं. तेही ओलांडलं तर त्यापुढचं आलं. का जाताय ते सांगा. खाली कारणं दिलेली होती, आणि त्यातलं एक निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं.

“मला यातलं काहीच झालेलं नाही,” आप्पा म्हणाले.

“मग मागे जायचं. मागे गेलं की पुन्हा हिरवं बटण.”

“हं...”

“माणसं कंटाळतात, आप्पा. कंटाळली की थांबतात.”

मग त्याने बाकीचं सांगितलं. कंपनीने त्याचा सत्कार केला, शाल दिली, मोठ्या साहेबांनी स्वतः पाठ थोपटली. इतर कंपन्यांनी त्याची ही पानं जशीच्या तशी उचलली, याचा त्याला राग नव्हता, उलट अभिमानच होता. नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी तो स्वतःची एक वेबसाइट चालवत असे. तिथे नव्या पोरांना तो ही विद्या शिकवी. तिथेही वाचणारा निघाला रे निघाला, की समोर एक चौकोन उतरे आणि त्याला थोपवून धरी. कचेरीत जी फरशी बसवली, तीच त्याने घरातही बसवून घेतली होती.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

“आणि ते पाण्याचं पान?”

मिहिरला कानकोंडं झालं. इथे शिकत असताना त्याने हौसेने एक छोटीशी वेबसाइट केली होती. कुठल्या डोंगरवाटेवर कुठे पिण्याचं पाणी मिळतं, एवढंच त्यात होतं. लोक यायचे, पाणवठा बघायचे, जायचे.

“ते पोरकट होतं. त्यावर कोणी घडीभर थांबत नसे.”

“हो,” आप्पा म्हणाले. “मी अजून सगळ्यांना दाखवतो.”

दाखवायचं तर ते कशाला, असं मिहिरला झालं. पण आप्पा आपलं काम अजून चारचौघांत दाखवतात, हे ऐकून तो सुखावलाही. मनातली गोष्ट त्याने बोलून टाकली.

“मग आप्पा, वर्ग...”

“आधी जेवून घे.”

इथल्या जेवणाची एक रीत होती. भांडी मधे ठेवायची, ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचं, आणि कोणी कोणाच्या ताटात बघायचं नाही. आप्पांनी आजवर कोणालाही ‘घे रे’ म्हटलेलं मिहिरला आठवत नव्हतं.

आज मात्र आप्पांनी पाट मांडला होता. पुरणपोळीचा घाट घातला होता. मिहिरला पाटावर बसवून ते स्वतः दुरडी घेऊन समोर बसले.

मिहिरचा ऊर भरून आला. हा मान इथे कोणाला मिळाला नव्हता. आता वेगळं सांगायचं ते काय राहिलं?

पहिली पोळी त्याने अशी खाल्ली, जणू वर्गाच्या किल्ल्याच हातात आल्या आहेत. दुसरी आप्पांनी न विचारता वाढली, आणि त्याने ती कौतुक म्हणून घेतली. तिसरीला तो “नको” म्हणाला, जसं सगळेच पहिल्यांदा म्हणतात.

आप्पांनी वाढली.

“नको म्हणालो, आप्पा.”

“म्हणालास का? फार बारीक म्हणालास.”

मिहिर हसला आणि खाऊ लागला. म्हाताऱ्याला आपल्याविषयी एवढं वाटतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. उद्या ही गोष्ट बाकीच्यांना कशी सांगायची, तेही त्याने घास घेता घेता ठरवलं.

“आता अर्धीच,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी अख्खी टाकली.

तीही कशीबशी गेली. मिहिरने कमरेचा पट्टा सैल केला. दुरडीवरचं फडकं आप्पांनी पुन्हा बाजूला सारलं, तेव्हा तो जरा मोठ्याने म्हणाला, की आता खरंच पुरे.

“बरं. सकाळपासून पुरण वाटत होतो. आता या वयात हात भरून येतात. पण ठीक आहे... तुला त्याचं काही नाही.”

“तसं नाही, आप्पा.”

“मग घे.”

त्याने घेतली. या खेपेला त्याला मान वगैरे काही वाटलं नाही. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. घाम फुटला. समोरचा माणूस आपला गुरू आहे आणि आपण त्याच्याकडे काहीतरी मागायला आलो आहोत, एवढ्याच जोरावर तो पाटावर टिकून होता.

पुढची पोळी दुरडीतून वर आली, तसे मिहिरने दोन्ही हात ताटावर आडवे धरले. या खुणेपुढे भल्याभल्या वाढप्यांचा हात मागे येतो.

आप्पांचा आला नाही. त्यांनी पोळी मिहिरच्या हातांवर ठेवली. नीट, मधोमध. मग तिच्यावर तूप वाढलं.

तूप बोटांच्या फटींतून ताटात गळू लागलं. एक धार मनगटावरून शर्टाच्या बाहीत शिरली.

“आप्पा, हे काय चाललंय?” मिहिरचा आवाज चढला. या घरात त्याचा आवाज आजवर चढला नव्हता. “मला उठायचंय.”

“ऊठ की. फक्त कारण सांग,” आप्पा शांतपणे म्हणाले. “तूप खवट लागलं, पुरण कच्चं राहिलं, की पोळी जाड झाली?”

“पोट भरलंय माझं.”

“ते यात नाही.”

...

मिहिर हातांवरच्या पोळीकडे बघत राहिला.

मिहिरचे कान तापले. एवढा मोठा मान म्हणून ज्या पोळ्या त्याने मिटक्या मारत खाल्ल्या, त्यांतली एकही मानाची नव्हती. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

पण तो आप्पांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी होता. हुशार माणूस पडला तरी उठताना काहीतरी हातात घेऊन उठतो.

“कळलं,” तो म्हणाला. “माझीच पानं तुम्ही मला वाढलीत. पण आप्पा, एक सांगा. मी थांबलो ना? नको नको म्हणत शेवटपर्यंत पाटावर बसलो. म्हणजे माझी रीत खोटी नाही. ती चालते.”

“चालते,” आप्पा म्हणाले.

एवढ्या सहज ते कबूल होतील, असं मिहिरला वाटलं नव्हतं. त्याची मान पुन्हा ताठ झाली.

आप्पांनी त्याच्या हातांवरची पोळी उचलून बाजूला ठेवली. तांब्या आणला, त्याच्या हातांवर स्वतः पाणी घातलं आणि खांद्यावरच्या पंच्याने ते हात पुसले. बोट न् बोट पुसलं. लहान मुलाचे पुसावेत तसे.

“काम पक्कं आहे तुझं,” ते म्हणाले. “कुठे फट ठेवली नाहीस. मला जमलं नसतं.”

त्यात टोमणा नव्हता. आप्पांना खरंच कौतुक होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मिहिरला ते दिसलं. त्याने विचारलं,

“मग वर्ग माझा?”

आप्पांनी पंचा झटकून दांडीवर टाकला.

“तेच विचारतोय...” ते म्हणाले. “आज थांबलास खरा. उद्या आपणहून जेवायला येशील?”