अकरा आकड्याचा हंडा

डोंगरापलीकडच्या एका गावात एकच झरा होता. उन्हाळ्यात तो करंगळीएवढा वाहायचा. म्हणून गावाने प्रत्येक हंड्यावर चुन्याने घराचा आकडा घातला होता. कुणी यायचं, कुणी नाही. मधले आकडे गळायचे. पण रांग चढतीच हवी. जो हंडा रांग मोडेल, त्याला त्या दिवशी पाणी नाही.

रांगेवर एका म्हातारीची नजर असे. भारी करारी बाई. आपल्या हातून कधी चूक होत नाही, याचा तिला थोडा तोराही होता.

एके दिवशी ती हंडे वाचत निघाली. "दोन, पाच, आठ, एकवीस, अकरा..." ती थबकली. "एकवीसच्या मागे अकरा? कुणाचा गं हा?"

गावात नवीनच आलेली सून पुढे झाली. "माझा, आजी. पण मी जागच्या जागीच ठेवला होता. लेकरू तापानं फणफणलंय हो, कपाळावर पट्टी ठेवायलाही घरात पाणी नाही."

"नियम म्हणजे नियम," म्हातारीने अकराचा हंडा बाजूला काढला. सुनेचे डोळे भरून आले.

म्हातारी पुन्हा वाचू लागली. "आठ, एकवीस, चौदा..." ती परत अडखळली.

"आता चौदालाही काढता की काय?" चौदावाली फणकारली.

म्हातारीने मागे वळून एकवीसच्या आकड्याकडे नीट पाहिलं. तिने अकराचा हंडा परत जागेवर ठेवला आणि एकवीसचा उचलला. आठ, अकरा, चौदा, सतरा. रांग कशी सरळ चढत गेली!

एकवीसचा हंडा तिचा स्वतःचाच होता. सकाळी गुडघ्यात कळ आली, तेव्हा दिसेल त्या मोकळ्या जागेत तिनेच तो टेकवला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असू द्या आजी, तुम्हाला कोण विचारतंय?" बायका म्हणाल्या.

"माझ्या हंड्यापाशी येऊन नियम लंगडा व्हायचा नाही," म्हातारी म्हणाली. मग तिने सुनेचा हात धरला. "पोरी, चुकले गं मी. तुझं ऐकूनच घेतलं नाही." आणि रिकामा हंडा घेऊन ती घरी गेली.

थोड्या वेळाने सून तिच्या दारात आली. हातात पाण्याने भरलेला तांब्या होता.

"अगं, लेकराला ठेव!"

"त्याच्यापुरतं ठेवलंय, आजी. हे तुमच्या वाटणीचं."

म्हातारीने तांब्या घेतला. तिला रडू आवरेना.

तात्पर्य: जिथे आपण अडखळतो तिथे दोघे उभे असतात. मागच्याला बाहेर काढण्याआधी पुढच्याकडेही बघावं. आणि तो पुढचा आपणच निघालो, तर स्वतःहून बाजूला व्हावं.