गरिबांवाचूनचं नाटक

प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्स नगरीत तेव्हा रीतच होती, उत्सवातल्या नाटकाचा खर्च कुणातरी धनिकाने उचलायचा. त्या वर्षी पाळी आली क्लेओमेडॉनची. त्याने नाटककार डेक्सिओसला बजावलं, "माझ्या पैशाच्या नाटकात एकही दरिद्री माणूस दिसता कामा नये. दिसला, तर या गावात पुन्हा नाटक करणं विसर!"

"जशी आज्ञा," डेक्सिओस म्हणाला. शेजारी बसलेला, नाटकात पावा वाजवणारा ओनेसिमस खट्टू झाला. म्हणजे हाही विकला गेला!

उत्सवाच्या सकाळी सारं शहर डोंगरउतारावरच्या नाट्यगृहात लोटलं. रंगमंचावर जांभळ्या झग्यातला एकच श्रीमंत आला. त्याने पाणी मागितलं, जेवण मागितलं, पालखी मागितली. कुणीच येईना. शेवटी स्वतःच्या जोड्याचे बंद सोडवता सोडवता तो उताणा पडला. हजारो माणसं खदखदून हसली आणि मग माना वळवून क्लेओमेडॉनकडे पाहू लागली. ओनेसिमस तर पावा फुंकायचाच विसरला. बाप रे, केवढी ही डेक्सिओसची छाती!

क्लेओमेडॉन ताडकन उठला. "माझी टिंगल करतोस?"

"छे हो, मालक," डेक्सिओस शांतपणे म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून गरीब तेवढे काढून टाकले. मागे उरलं, ते हे."