कोरडा महादेव

पाण्याचा तांब्या आत नेऊ नका. बेल वाहा, नमस्कार करा, पाणी मात्र बाहेरच्या या चिऱ्यांच्या डोणीत ओता. आमच्या महादेवाला पाणी घालत नाहीत. मी इथला गुरव, पण दर सोमवारी कोरड्या फडक्यानं पिंड पुसतो, तेवढंच त्याचं स्नान. पाहुणे हसतात, हा कसला महादेव म्हणतात. बसा, सांगतो.

असं सांगतात, हैबतराव पाटलाच्या काळात पावसानं तीन वर्षं तोंड फिरवलं. त्याआधीची वर्षं सुगीची होती, आणि सुगीत देव कुणाला लागतो? दिवा लावायलासुद्धा कुणी ही टेकडी चढत नसे. देवळाच्या ओवरीचे चिरे तर पाटलानंच नेऊन आपल्या गोठ्याला बसवले होते म्हणे. दुष्काळ पडला तेव्हा सगळ्या गावाला देव आठवला. लोकांनी नाकं घासली, गालात मारून घेतलं, चुकलो चुकलो म्हणाले. चिरे मात्र गोठ्यातच राहिले.

मग ठरलं, देव पाण्यात कोंडायचा. गाभारा भरून पिंड बुडवली की देवाचा जीव गुदमरतो आणि तो पाऊस पाडतो, अशी जुनी समजूत. गावात एकाच विहिरीच्या तळाला पाणी होतं. घरोघर आपल्यापुरत्या घागरी झाकून ठेवल्या आणि उरलेलं सगळं उपसून वर आणलं. थेंबही झिरपू नये म्हणून गाभारा आतून चुन्यानं लिंपला, दार चिणलं, वरच्या झरोक्यातून पाणी ओतलं. छातीएवढं पाणी झालं.

त्याच दुपारी लगमा नावाची धनगरीण तापानं फणफणलेली पोर कडेवर घेऊन टेकडी चढून आली. नवरा मेंढरं घेऊन लांबच्या नदीकडं पुढं गेला होता, पोरीपायी ती मागं राहिली होती. तिनं ओंजळभर पाणी मागितलं.

"ह्ये देवाचं पाणी हाय," हैबतराव म्हणाला. "उष्टं झालं तर पाऊस येणार न्हाई."

"देवाला तहान लागलीया व्हय, पाटील?"

मला चीड येते ती इथं. सारा गाव उभा होता, पण एकाच्याही घरची झाकलेली घागर उघडली नाही.

लगमा देवळामागच्या सावलीत गेली आणि पोरीला भिंतीशी निजवून बसली. भिंतीपलीकडं छातीभर पाणी होतं. दिवस मावळायच्या आत पोर गेली. आईनं तिला उतारावर पुरलं आणि शिवी नाही, शाप नाही, ती चालती झाली.

सकाळी तेव्हाचा गुरव ओरडत खाली आला. देवळामागं चिखल झाला होता. पोर निजली होती, नेमकी तिथंच भिंत पाझरत होती. लोकांनी दार फोडलं, तर गाभारा रिकामा आणि पिंड उन्हातल्या धोंड्यासारखी कोरडी. रात्रभर चुन्यातून वाट काढत पाणी पोरीकडं निघालं होतं, पण पोचायला उशीर झाला. लिंपण जाड घाला, असं पाटलानंच बजावलं होतं.

तेव्हा कुठं हैबतराव खरा मोडला. नदीवर जाऊन त्यानं कावड भरली, मेंढरांचा तळ शोधून काढला आणि लगमाच्या पायाशी ती कावड ठेवली.

"आता कुणाला पाजू?" एवढंच ती म्हणाली म्हणे.

भरलेली कावड त्यानं तशीच परत आणली. गोठ्यातले चिरे उखडून ही डोण बांधली आणि मरेपर्यंत वाटसरूंसाठी ती भरत राहिला. देवळात मात्र पुन्हा पाय ठेवला नाही. पाऊस त्या साली आला. देव बधला म्हणून आला की येणारच होता, हे विचारायला गावाला तोंड उरलं नव्हतं.

तेव्हापासून इथं देव पाण्यात ठेवत नाहीत. पाणी डोणीत ओततात आणि पहिली ओंजळ परगावच्या माणसाला देतात. पण खोटं कशाला बोलू? मागच्या टंचाईत याच गावानं डोणीवर लोखंडी झाकण बसवून कुलूप घातलं आणि किल्ली देवापुढं ठेवली.

चला, मागची भिंत दाखवतो. आजही ऐन चैत्रात तिचा वीतभर तुकडा ओला असतो. हात लावून बघा. लोक ती ओल बोटानं घेऊन डोळ्यांना लावतात, पाप फिटतं म्हणतात. मी आजवर लावली नाही. ते पाणी आमच्यासाठी निघालं नव्हतं.