गोजराची तुळई

फार फार मागची गोष्ट, इतकी मागची की खिंडीत गाडीरस्ता नव्हता आणि कोकणातलं मीठ डोक्यावरूनच घाट चढत होतं. खरी किती आणि वाढवलेली किती, ते मला विचारू नका. जशी माझ्यापर्यंत आली तशी सांगते.

सोनटेकच्या खिंडीत, झऱ्याजवळ, गोजरा नावाची बाई राहायची. नवरा लवकर गेला. एक लेक होती, येसू. गोजराचं बळ असं, की जत्रेत पैलवानांना न हललेला दगड तिनं डोक्यापर्यंत उचलला आणि वर विचारलं, "कुठं ठेवू?" असं म्हणतात.

झऱ्यापाशी बारमाही चिखल. मिठाची पाटी खाली ठेवली तर मिठाचं पाणीच व्हायचं. म्हणून दमून आलेला माणूस पाटी गोजराच्या डोक्यावर द्यायचा.

"गोजराक्का, जरा धर गं. दगड उचललेली बाई तू, तुला हे पिसागत."

"ठेव बाबा. पाणी पिऊन येतोस की जेवून?"

तो हसत पाणी प्यायचा, पाटी घेऊन जायचा. तोवर दुसरा उभा असायचाच. एकेकाचं ओझं घटकाभराचं, पण गोजराचं डोकं दिवसभर रिकामं नसायचं. जत्रेतला दगड तिनं क्षणभरच उचलला होता, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. तिनंही नाही.

येसू पदर ओढायची. "आये, घे की मला."

"एवढं उतरू दे, मग घेते."

झोपडीत आडव्या बांबूला दह्याचं शिंकं टांगलेलं होतं. येसूचा हात आधी तिथवर पोचत नसे. मग एक दिवस बोटं मडक्याला टेकली. आईच्या कमरेला लागणारी पोर तिच्या खांद्याला लागू लागली. "आये, मी मोठी झाले," ती नाचत सांगायची. थोडी झाली होतीच. पण शिंक्याची दोरी भारानं लांबली होती, बांबू मधोमध खाली आला होता, आणि आई वाकत चालली होती. कसलाच आवाज झाला नाही. काही मोडलं असतं तर लोक धावत आले असते.

मग पौषातल्या एका अवसेला, प्रवासाला कोणी निघालं नाही म्हणून, खिंड ओस पडली. गोजराचं डोकं रिकामं झालं.

"ये गं, आज घेते," ती म्हणाली.

येसू तेव्हा लग्नाच्या वयाची होती, तरी आली. गोजरानं हात पुढे केले, पण पाठ वर येईना. ओझं नव्हतं, ओझ्याखालचा बाक मात्र तसाच होता.

"राहू दे, आये," येसू म्हणाली, आणि तिनंच आईला पाठीवर घेतलं. वैद्याकडे म्हणून घाट उतरू लागली. उतरता उतरता आई हलकी हलकी होत गेली. पायथ्याशी येसूनं हात मागे नेला, तेव्हा पाठीवर नुसता झऱ्याचा ओलावा होता. असं म्हणतात.

पुढे येसूनं झऱ्यापाशी दोन दगडी खांब रोवले आणि त्यांवर ऐनाच्या लाकडाची तुळई टाकली, डोक्याच्या उंचीची, पाट्या टेकायला. लोकांनी आधी तिच्यावर पाच धिप्पाड माणसं चढवून पाहिली. "ही हत्तीलाही दाद देणार नाही," म्हणाले. काही वर्षांत तीही मधोमध वाकली, मिठाच्या पाट्यांनीच. तेव्हा माणसं तिच्याकडे बघत उभी राहिली.

अजूनही पौषी अवसेला त्या तुळईवर कोणी काही ठेवत नाही. ती उतरवतात, धुतात, आणि पोटाची बाजू वर करून पुन्हा चढवतात, म्हणजे पुढच्या वर्षभरात बाक निघावा. गोजराला एवढंही मिळालं नाही. मग बाया हातातलं, डोक्यावरचं खाली ठेवून पोरांना उचलून घेतात. मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा इकडेतिकडे बघत, गुडघे दुमडून, आईला उचलू देतात. त्या दिवशी खिंडीत "थांब, मग घेते" म्हणायचं नाही, असा नेम आहे.

घाट उतरून खाली आलं की आपण सगळ्याच पुन्हा तेच म्हणतो.